फेसाचा खुलासा

ब्रह्मपुरीपासून सिरोंच्यापर्यंत जेवढा म्हणून डांबरी, खडीचा आणि नुसत्या धुळीचा रस्ता आहे, त्या सगळ्या रस्त्यावर माझ्या थोरल्या साडूंएवढा मोठा आवाज दुसऱ्या कोणाचा नव्हता. आणि त्या आवाजात एकदा बोललेला शब्द मागे घेण्याची ताकद त्यांच्याएवढी कमीही कोणात नव्हती. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या मोठ्या बहिणीचे यजमान. आमच्या तालुक्याच्या गावी ते एसटी स्टँडवर कंट्रोलर होते. कोणती गाडी कोणत्या फलाटावर लागली, कधी सुटणार आणि का सुटणार नाही, हे भोंग्यावरून सांगणं त्यांचं काम. भोंगा बिघडला तरी कोणाचं काही अडत नसे. साडूंनी खिडकीबाहेर तोंड काढून "गडचिरोली, चामोर्शी, आष्टी, आलापल्ली" एवढं म्हटलं की स्टँडमागच्या बोडीतले, म्हणजे छोट्या तळ्यातले, बगळे उडायचे, आणि दोन फर्लांगावर मी मराठी शिकवत असलेल्या शाळेत बाहेरगावची पोरं दप्तर आवरायला लागायची. व्याकरणाचे कितीतरी तास माझ्या साडूंनी असे बसल्या जागेवरून संपवले. पोरं आजही त्यांची आठवण काढतात. माझी कोणी काढत नाही.

घरी आल्यावर माणूस नोकरीचा शर्ट खुंटीला टांगतो, तसा आवाजही टांगावा, अशी आमच्या मेव्हणीची माफक अपेक्षा होती. ती पुरी झाली नाही. वरण उकळून राहिलं की स्वयंपाकघराच्या दारातून "वरण सुटण्याच्या तयारीत आहे" अशी घोषणा व्हायची. घड्याळ त्यांनी कधी बांधलं नाही. थोरली मुलगी मुलचेरा गाडी सुटताना झाली, धाकटी नागपूर लागताना झाली, आणि मधला मुलगा जरा मंद निघाला तो बिचारा गाडी पंक्चर असताना झाला म्हणून, असं ते चारचौघांत सांगत. माझ्या लग्नात वाजंत्रीवाले रुसल्यामुळे वरात लांबली, तेव्हा त्यांनी मांडवातला माईक हातात घेऊन सांगितलं, "लक्ष द्या. नवरदेव पाऊण तास विलंबाने धावत आहेत. नवरी फलाट क्रमांक एकवर तयार आहे." एवढ्यावर भागलं असतं तर मी विसरलोही असतो. दुसऱ्या दिवशी सकाळी, हळदीच्या अंगाने मी चहा पीत बसलो असताना, त्यांनी माझ्या हातात एक कागद ठेवला. "आपण स्वतःच्या लग्नास पंचेचाळीस मिनिटे उशिरा उपस्थित झालात. याबाबत लेखी खुलासा करावा." खाली सही. कार्बन लावून केलेली दुसरी प्रत त्यांच्या खिशात होती.

हा मेमो. मेमोचं पॅड आणि कार्बनचा निळा कागद या दोन वस्तू त्यांच्या खिशात नाहीत असा दिवस मी पाहिला नाही. उशिरा आलेल्या ड्रायव्हरला मेमो, तंबाखू थुंकलेल्या कंडक्टरला मेमो, हे तर झालंच; पण बायकोला मीठ जास्त पडल्याबद्दल, गवळ्याला आणि एकदा तर पाहुणा आलेल्या बोक्याला, दुधाबद्दल. बोक्याने खुलासा दिला नाही म्हणून त्याची फाईल उघडीच राहिली. एकदा दिलेला मेमो त्यांनी कधी रद्द केला नाही. मी एकदा गमतीत म्हटलं, "भाऊ, साधं रागावून मोकळं व्हावं माणसाने. हे लिहीत काय बसता?" तेव्हा ते हसले नाहीत. म्हणाले, "मास्तर, माह्या बाप मालगुजाराच्या वावरात जनमभर राबला. चुकलं का नाई चुकलं, कोनी विचारलं नाई. हाकलाचं असलं का सरळ हाकलत. त्याले जर कोनी लिहून देल्लं असतं का बाबा, तुह्यं म्हननं काय आहे ते सांग, तर तो कागद त्यानं पूजला असता. मेमो म्हंजे शिक्षा नसते. मेमो म्हंजे दुसऱ्याले बोलाची जागा असते." त्या दिवसापासून मी मेमोची चेष्टा बायकोसमोरच करायचो, त्यांच्यासमोर नाही.

तर अशा माणसाकडे एका पोळ्यानंतरच्या दुपारी नागपूर गाडीच्या कंडक्टरने एक काचेची बरणी आणून ठेवली. सिटाखाली कोणीतरी विसरलं होतं. बरणीत पाणी आणि पाण्यात एक मासा: बोटाएवढा, लालभडक, आणि अंगाला परकरासारखे घोळदार पर. असा मासा आमच्याकडे कोणी पाहिला नव्हता. आमच्याकडचा मासा म्हणजे तळ्यातला, आणि त्याच्याबद्दल विचारायचा प्रश्न एकच, की रस्सा करायचा का तळायचा. कंडक्टरनेही तोच विचारला. साडूंनी त्याला डोळ्यांनी गप्प केलं. त्यांच्या दृष्टीने हा मासा नव्हता, हे प्रवाशाचं विसरलेलं सामान होतं. आणि विसरलेलं सामान मालक येईपर्यंत, आहे त्या स्थितीत सांभाळायचं असतं. छत्र्या, टिफिन, एक बंद पडलेला रेडिओ आणि कोणाची तरी कवळी अशा वस्तू त्यांच्या कपाटात चिठ्ठ्या बांधून वर्षानुवर्षं मालकाची वाट पाहत होत्या. त्यांना खायला मात्र लागत नव्हतं. साडूंनी बरणीच्या गळ्याला चिठ्ठी बांधली: "लाल मासा, एक. नागपूर गाडी. जिवंत." आणि रोज दुपारी भोंग्यावरून विचारणा सुरू झाली, "नागपूर गाडीत मासा विसरलेल्या प्रवाशाने ओळख पटवून घेऊन जावा." ओळख कशी पटवायची हे ना प्रवाशांना कळलं, ना माशाला.

मालक आला नाही. पण वस्तू आहे त्या स्थितीत राहायची तर बरणी लहान पडते, असं साडूंचं मत झालं. गाड्यांच्या काचा बसवणाऱ्या कारागिराकडून त्यांनी काचेची पेटी करवून घेतली आणि ती नियंत्रण कक्षातल्या आरशाखाली, टेबलावर बसवली. पाण्याला हवा लागते असं कोणीतरी सांगितलं. आमच्याकडची वीज त्या काळी पाहुण्यासारखी यायची, म्हणून त्यांनी एसटीच्या चाकाची जुनी ट्यूब गच्च फुगवून कपाटावर ठेवली, तिच्या तोंडाला सलाईनची नळी लावली आणि ती पेटीत सोडली. एकदा फुगवली की ट्यूब दिवसभर एका कोपऱ्यात बुडबुडे सोडत राही. मागच्या बोडीतली शिंगाड्याची वेल दुसऱ्या कोपऱ्यात तरंगत ठेवली. लांबच्या गाडीचे प्रवासी खिडकीशी गर्दी करून मासा पाहत, आणि त्या नादात गाडी चुकली की साडू त्यांनाच झापत.

इथे माझा प्रवेश होतो, आणि या कथेत मी जिथे जिथे शिरलो तिथे तिथे घाण केली आहे. दसऱ्याच्या सुटीत मी नागपूरला गेलो होतो. एकट्या माशाला करमत नसेल म्हणून तिथल्या दुकानातून मी चार रंगीत गप्पी आणि दोन काळ्या मोली घेतल्या. दुकानदाराला मी लाल माशाचं वर्णन सांगितलं. "फायटर है साब," तो म्हणाला, आणि वरून एक मातकट, आखूड पराची, विधवेसारखी दिसणारी मासळी फुकट दिली. ती कोण हे मी विचारलं नाही. फुकट मिळालेल्या वस्तूला प्रश्न विचारू नये, असं मला वाटलं. ती सगळी वरात स्टीलच्या डब्यात घालून, डबा मांडीवर घेऊन मी आलो. साडूंनी पोचपावती दिली.

दोन दिवसांनी शिंगाड्याच्या पानाखाली फेस दिसला.

साडूंनी तो चहाच्या गाळणीने काढला. दुसऱ्या दिवशी परत तेवढाच फेस. परत काढला. तिसऱ्या दिवशी त्यांची नजर पेटीवरच्या आरशाकडे गेली, आणि आरशाखाली ठेवलेल्या दाढीच्या मगाकडे. तो मग सिरोंचा गाडीच्या ड्रायव्हरचा होता. त्यांना सगळं स्टँड चाचा म्हणायचं. चाचा मूळचे सिरोंच्याचे, गोदावरीकाठचे. दिवसाआड मुक्कामाची गाडी घेऊन आमच्याकडे यायचे, आणि सकाळी सहाला नियंत्रण कक्षातल्या आरशासमोर दाढी करून, साडूंबरोबर बशीतून एकच चहा अर्धा अर्धा पिऊन सातला गाडी काढायचे. हा क्रम वीस वर्षांचा. त्या मार्गावर पावसाळ्यात नाले भरून गाडी दोन दोन दिवस अडकायची, तेव्हा चाचांची गाडी आल्याशिवाय साडू घरी जेवायला जात नसत. चाचा शिमग्याला निवृत्त होणार होते, आणि तीस वर्षांच्या नोकरीत त्यांच्या नावावर एक मेमो नव्हता. साडूंचाही नाही. हे चाचा बायकोचे दागिने दाखवावेत तसं सांगायचे.

"चाचा, ब्रश पेटीत बुचकाळला का?" साडूंनी विचारलं.

"नईं साहब. काइकू बुचकाऊंगा? मगा है ना मेरेकू."

"मंग फेस कुठून येते?"

"मेरेकू क्या मालूम. मच्छी कू पूछो."

हे चाचा साधेपणाने बोलले होते, आणि पुढे कळलं त्याप्रमाणे तो त्या गावात त्या दिवशी दिला गेलेला सगळ्यांत शहाणा सल्ला होता. पण चार कंडक्टर हसले. कंडक्टर हसले की साडूंचा हात खिशात जायचा. "प्रवाशाच्या मालमत्तेत साबणाचा फेस मिसळून तिच्या जिवास धोका निर्माण केला. लेखी खुलासा करावा." कार्बनसकट.

चाचा तो कागद हातात धरून माझ्या घरी आले. ओसरीवर बसले, पाणीसुद्धा घेतलं नाही. "मास्टरसाब, तीस साल. एक दाग नईं. ये महीने के आखिर में कागज ऊपर जाता, फिर किताब में चढ़ता. मैं लिखना जानता नईं. तुम लिख दो, अच्छा लिख दो."

अच्छा लिख दो, असं मला आजवर कोणी म्हटलं नव्हतं. मी दोन तास बसलो. नुसतं 'मी फेस केला नाही' एवढं लिहून भागलं असतं, पण मराठीचा मास्तर एका वाक्यात भागत नाही. मी लिहिलं, "सदर फेसाशी माझ्या दाढीचा तिळमात्र संबंध नाही. ज्याच्या अंतःकरणात तीन तपांची निष्कलंक सेवा तेवत आहे, त्याच्या दाढीवर संशय घेणारी दृष्टी स्वतःच फेसाळलेली तर नाही ना, याचे आत्मपरीक्षण व्हावे." तीस वर्षांची तीन तपं होत नाहीत, हेही माझ्या लक्षात आलं नाही. चाचांनी न वाचता अंगठ्यासारखी सही केली. संध्याकाळी दुसरा मेमो आला: उद्धट भाषेबद्दल.

त्यानंतर चाचांनी नियंत्रण कक्षात पाऊल ठेवलं नाही. चहा कँटीनमध्ये, एकटे, कपातून. आणि दाढी करणं बंद केलं. भांडण नाही, तक्रार नाही. गाडी वेळेवर आणायची, वेळेवर न्यायची, आणि दर फेरीला दाढी थोडी वाढलेली दाखवायची. पहिल्या आठवड्यात खुंट, दुसऱ्यात मेहंदीच्या रंगाची किनार. आणि इकडे पेटीत रोज फेस. दाढीचा ब्रश दोन आठवडे कोरडा पडलेला असताना फेस येतो कुठून, हा प्रश्न हमालांपासून शेंगदाणेवाल्या बाईपर्यंत सगळ्यांना पडला होता. साडूंना पडला नव्हता, कारण पडला असता तर मेमोचं काय करायचं हा दुसरा प्रश्न पडला असता. ते रोज सकाळी गाळणी घेऊन फेस काढत, आणि अर्ध्या चहाची बशी पुढ्यात ठेवून तो निवेपर्यंत खिडकीबाहेर बघत. एवढा मोठा माणूस, पण अर्धा कप चहा त्याला संपवता येत नव्हता.

दिवाळी तोंडावर आली. मी शाळेआधी स्टँडवर डोकावलो तेव्हा मुलचेऱ्याची गाडी नुकतीच लागली होती, आणि तिच्यातून एक बंगाली म्हातारा उतरला होता. मुलचेऱ्याकडे बंगाली वसाहतीची गावं आहेत. तिथली माणसं माशांचं बी, म्हणजे बोटाच्या पेराएवढी पिल्लं, ॲल्युमिनियमच्या हंड्यांतून तळ्यांवर विकायला नेत. हंडीतलं पाणी हाताने सारखं थापटत राहावं लागतं, थांबलं की पिल्लं गुदमरतात. हा म्हातारा ब्रह्मपुरी गाडी कधी लागणार ते विचारायला हंडी घेऊनच आत आला. उजव्या हाताने पाणी थापटत होता. समोर साडू गाळणी घेऊन पेटीवर वाकले होते. म्हाताऱ्याने डाव्या हाताने त्यांचं मनगट धरलं. कंट्रोलर साहेबांचं मनगट कोणी धरलेलं मी प्रथमच पाहत होतो.

"बाबू, क्या करता? ये साबान नेही. ये माछ का घोर है."

मग त्याने, एक हात हंडीत चालूच ठेवून, आम्हा दोघांना शिकवलं. हा नर. तो तोंडाने हवेचे बुडबुडे करतो, लाळेत बांधतो, पानाखाली चिकटवतो; तेच त्याचं घर. ती मातकट मासळी त्याची बायको. आणि फेसात ते खसखशीसारखे पांढरे ठिपके दिसतात, ती अंडी. "रोज बानाया, तुम रोज तोड़ा," म्हातारा म्हणाला. रागाने नाही, शेजारच्या घराबद्दल बोलावं तसं.

साडूंनी गाळणी टेबलावर ठेवली. मग एवढंच विचारलं, "दाढीचा नाई मंग?"

म्हाताऱ्याला त्याचा अर्थ कळला नाही. मला कळला, पण विधवेसारखी म्हणून मीच आणलेली सवाष्ण समोर पोहत असताना मी काय बोलणार.

पुढचे दोन दिवस साडूंनी माफी सोडून जगातलं सगळं केलं. बापमासा वेडा झाला होता. गप्पींच्या शेपट्या त्याने कुरतडल्या, काळ्या मोलींना कोपऱ्यात कोंडलं, आणि बायकोला तर इतकी हाणली की ती नळीच्या मागे दडून बसली. म्हाताऱ्याने सांगितलं होतं, बायको काढा, बाकीचे काढा, बुडबुडे बंद करा, पाणी हलू देऊ नका. साडूंनी माझ्या घरून वरणभाताचे दोन गंज, म्हणजे पातेली, आणि लोणच्याच्या तीन बरण्या 'तात्पुरत्या' मागवल्या. माझ्या बायकोने लोणचं कशात काढायचं असं विचारलं, तेव्हा तिला मेमो मिळाला. म्हाताऱ्याच्याच सांगण्यावरून तणीस, म्हणजे धानाचा पेंढा, पाण्यात कुजत घातलं. त्या पाण्यात डोळ्यांना न दिसणारे जीव होतात, ते पिल्लांचं पहिलं जेवण. नियंत्रण कक्षाला बैलाच्या गोठ्याचा वास येऊ लागला. मासा मात्र पेटीत एकटा, पानाखाली उभा. एखादं अंडं गळून खाली जायला लागलं की झेपावून तोंडात धरायचा आणि परत फेसात नेऊन चिकटवायचा. न खाता, न झोपता.

आणि मग त्या स्टँडवर जे कधी घडलं नव्हतं ते घडलं. साडूंचा आवाज बारीक झाला. भोंग्याने पेटीची काच थरथरते असं त्यांच्या लक्षात आलं होतं. फेस फुटेल म्हणून ते माईकवर ओठ टेकवून, आजारी माणसाच्या उशाशी बोलावं तसं, "गडचिरोली... चामोर्शी..." असं कुजबुजू लागले. हॉर्नला बंदी. कंडक्टरांनी घंटी ओढायची नाही, पत्र्यावर बोटं वाजवायची. अर्ध्या प्रवाशांच्या गाड्या चुकल्या; उरलेले अर्धे कानाला हात लावून भोंग्याखाली उभे राहत. बोडीतले बगळे उडायचे थांबले. माझ्या शाळेत पोरं तास संपेपर्यंत बसू लागली, आणि त्यांना काय शिकवायचं हे मला सुचेना.

तिसऱ्या दिवशी सकाळी साडूंनी मला बोलावलं. महिना त्या दिवशी संपत होता. दुपारच्या डाकेने मेमोच्या प्रती वर जायच्या होत्या. पॅड समोर, पेन हातात.

"मास्तर, मेमो रद्द कराचा तर कसं लिहतात?"

"तुम्हालाच माहीत असेल, भाऊ."

"मी कधी केला नाई."

मी लिहून देऊ का म्हणालो. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी बाहेर जाऊन उभा राहिलो. सातला पाच कमी होते. सिरोंचा गाडी फलाटावर लागली होती. आमचं स्टँड उंचवट्यावर. फलाटापासून फाटकापर्यंत उतार. चाचा कँटीनच्या बाकावर, दाढी छातीकडे निघालेली, हातात कप. तेवढ्यात भोंगा खरखरला आणि तो बारीक आवाज आला.

"लक्ष द्या. सिरोंचा गाडीच्या चालकांनी लक्ष द्यावे. मत्स्यपेटीतील फेसाबाबत देण्यात आलेले दोन्ही मेमो रद्द करण्यात येत आहेत. सदर फेस माशाने स्वतःच्या तोंडाने केल्याचे आढळून आले आहे."

शेंगदाणेवाली बाई तोलता तोलता थांबली. भोंगा चालूच होता, नुसता श्वास ऐकू येत होता. मग साडू त्यांच्या घरच्या बोलीत बोलले, आणि भोंग्यावर ती बोली कोणी आधी ऐकली नव्हती.

"चाचा, खुलासा मी वाचला. पन आयकला नाई. चूक माही हाय."

परत खरखर. "सिरोंचा गाडी फलाट क्रमांक दोनवरून सुटण्याच्या तयारीत आहे."

चाचांनी कप खाली ठेवला, उठले, आणि नियंत्रण कक्षाकडे न वळता सरळ गाडीत जाऊन बसले. सात वाजले होते. मी खिडकीतून साडूंचा चेहरा पाहिला आणि नजर दुसरीकडे वळवली. कंडक्टरने पत्र्यावर दोन बोटं वाजवली. पण इंजिनाचा आवाज काही आला नाही. चाचांनी ब्रेक सोडला होता. ती भरलेली गाडी, टपावरच्या गाठोड्यांसकट, उतारावरून आपोआप, पाण्यातल्या होडीसारखी निघाली. खिडकीसमोरून गेली तेव्हा चाचांचं लक्ष समोर होतं, पण एक हात बाहेर काढून त्यांनी पंजा खाली दाबत प्रवाशांना गप्प राहायची खूण केली. फाटकाबाहेर, पार रस्त्याला लागल्यावर, इंजिन चालू झालं.

साडू म्हणाले, "मास्तर, गाडी वेळेवर सुटली," आणि रुमालाने चष्मा पुसत राहिले. मग अर्धा चहा उचलून पिऊन टाकला, निवलेलाच.

दोन दिवसांनी चाचा आत आले. पिल्लं निघाली होती. फेसाखाली शेपट्या लोंबकळवत स्वल्पविरामांसारखी टांगलेली. एक गळालं, बापाने झेलून परत टांगलं. चाचा पेटीशी नाक लावून ते किती तरी वेळ पाहत होते. "रात दिन की ड्यूटी करता बिचारा," ते म्हणाले. "इसका बदली ड्रायव्हर नईं है क्या?"

"खुलासा मंजूर आहे का, चाचा?" साडूंनी विचारलं.

"हौ. मंजूर." आणि चाचांनी बशी पुढे केली.

पिल्लं आडवी पोहू लागली की बापाला काढा, नाहीतर तोच खाईल, असं म्हाताऱ्याने बजावलं होतं. ते साडूंना पटत नव्हतं. काम संपलं म्हणून माणसाला हाकलायचं, ही त्यांच्या बापाची गोष्ट होती. शेवटी त्यांनी त्याला त्याच्या मूळच्या बरणीत, मूळच्या चिठ्ठीसह, सन्मानाने हलवलं. "कार्यमुक्त" असा शब्द चिठ्ठीवर वाढवला. मालकासाठीची विचारणा मात्र चालू राहिली.

तीसेक पिल्लं जगली. संक्रांतीपर्यंत त्यांतल्या नरांना पर फुटले आणि तेही एकमेकांवर धावू लागले, तेव्हा प्रत्येकाला वेगळी बरणी लागली आणि आमच्या गावात त्या वर्षी कोणाकडेही लोणचं राहिलं नाही. एकमेकांना दिसले की ते काचेवर डोकं आपटायचे, म्हणून बरण्यांच्या मधे साडूंनी गाड्यांच्या जुन्या पाट्या उभ्या केल्या. अहेरी, आष्टी, चामोर्शी, आलापल्ली. ज्या पाटीमागे जो मासा, ते त्याचं नाव. मग एकेक मासा आपापल्या गावच्या गाडीने, कंडक्टरच्या मांडीवर बसून, त्या त्या स्टँडवर गेला. चाचा शिमग्याला शेवटची गाडी घेऊन निघाले तेव्हा त्यांच्या डॅशबोर्डवर, गमछ्यात गुंडाळलेली, सिरोंचा नावाची बरणी होती, आणि सिटाखालच्या डब्यात जोडीला एक मातकट मासळी. दाढी त्यांनी ठेवली होती. बायकोला आवडली म्हणाले.

यालाही आता बरीच वर्षं झाली. लाल मासा त्यानंतर दोन पावसाळे जगला. साडूंनी निवृत्त होताना चार्ज दिला, त्या यादीत छत्र्या, टिफिन, कवळी होती, आणि शेवटी "लाल मासा, एक. मालक आला नाही. मृत." आता स्टँडवर पेटी नाही.

मागच्या हिवाळ्यात परीक्षेच्या कामाने मला सिरोंच्याला जावं लागलं. चाचांचं घर शोधून काढलं. दाढी पांढरीशुभ्र. ओसरीत बरणी होती, तिच्यात मासा होता. पहिल्याचा नातू का पणतू, ते त्यांनाही सांगता आलं नाही. गळ्यातली चिठ्ठी तेलुगूत होती. "मालक आया तो देने का है ना," ते म्हणाले. भिंतीवर फ्रेममध्ये माझ्या साडूंच्या अक्षरातला मेमो होता, कार्बनच्या प्रतीसकट, दोन्हींवर लाल शाईत आडवं 'रद्द'. तीस वर्षांत मिळालेला तो पहिलाच कागद, लावायला नको का, असं त्यांचं म्हणणं. माझा खुलासा त्यांनी लावला नव्हता. मी विचारलंही नाही.

चहा आला. चाचांनी बशीत ओतला, अर्धा. "साहब कैसे हैं? आवाज वैसाच है?"

साडूंना उन्हाळ्यात अर्धांगाचा झटका येऊन गेला होता. हातपाय सावरले, पण आवाज गेला तो परत आला नाही. आता बोलले तर कान ओठांशी न्यावा लागतो. मी म्हटलं, "हळू बोलतात आता, चाचा. फार हळू."

चाचांनी बरणीकडे पाहिलं. मासा पानाखाली उभा होता.

"तो फिर अंडे होंगे कहीं आसपास," ते म्हणाले. "बगैर कारन साहब धीरे बोलने वाले नईं."